पॅच कॉर्ड मागवायच्या आहेत: हिरवा की निळा, पिवळी की आकाशी?

रानवारा

नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेच्या दोन इमारतींमध्ये फायबर आधीच टाकलेलं आहे, अंतर साधारण साडेतीनशे मीटर. बाहेरून आलेली केबल काळी आहे आणि तिच्यावर ओएस२, ९/१२५ असं छापलंय. पहिल्या इमारतीतल्या पॅनेलवर मोठे चौकोनी हिरवे अडॅप्टर आहेत, दुसरीकडे लहान, जोडीचे, निळे. दोन्हीकडे आता नवे स्विच आले आहेत. दोन इमारती जोडायला १०जी (सेकंदाला १० गिगाबिट) एलआर मॉड्यूल, म्हणजे स्विचमध्ये खोचायची, प्रकाश पाठवणारी-घेणारी डबी, घेतलीत. पहिल्या इमारतीच्या रॅकमध्येच तीन सर्व्हर स्विचला जोडायचे आहेत, त्यांची मॉड्यूल एसआर, ८५० नॅनोमीटरची. पुढे एक स्टोरेजही येणार आहे, १००जी.

जुनं काम ज्यांनी केलं ते खोकंभर कॉर्ड ठेवून गेलेत. पिवळ्या, नारिंगी, आकाशी, सगळ्या एकत्र, एकीवरही चिठ्ठी नाही. पुरवठादाराने दोन दरपत्रकं दिली आहेत, एक साधं आणि एक 'लो लॉस' म्हणून बरंच महाग. सगळीकडे एकच चांगली कॉर्ड वापरली तर चालेल का? आकाशी रंगाची सगळ्यात वेगवान असते असं एकाने सांगितलं. नेमकं काय मागवू?

स्प्लाइसवाला

सगळीकडे एकच कॉर्ड चालणार नाही. आधी कॉर्डचा विचार बाजूला ठेवा आणि प्रत्येक जोडणीची दोन्ही टोकं वाचा. मॉड्यूलवर काय छापलंय, पॅनेलच्या पुढच्या बाजूला कुठला अडॅप्टर आहे, त्याच्या मागच्या बाजूने आत काय खोचलंय. एवढं कागदावर लिहिलंत की कॉर्ड जवळजवळ आपोआप ठरते.

तुमची इमारतींमधली केबल सिंगल मोड आहे आणि एलआर मॉड्यूलही सिंगल मोडसाठीच, १३१० नॅनोमीटरचं. म्हणजे तिथे दोन्हीकडे पिवळ्या ओएस२ कॉर्ड. आकाशी म्हणजे मल्टिमोड, ओएम३ किंवा ओएम४. ती वेगवान नाही, वेगळी आहे. तिचा गाभा ५० मायक्रॉनचा, तुमच्या केबलचा सुमारे ९.

आता हिरवं-निळं. हिरवा म्हणजे एपीसी, फेरूलचं (तंतू धरून ठेवणाऱ्या प्लगमधल्या बारीक नळीचं) तोंड ८ अंशांत तिरकं घासलेलं. निळा म्हणजे सिंगल मोड यूपीसी, तोंड सरळ, किंचित घुमटाकार. हे दोन एकमेकांना कधीही जोडायचे नाहीत. एससीमध्ये, म्हणजे तुमच्या त्या मोठ्या चौकोनी प्रकारात, हिरवा प्लग निळ्या अडॅप्टरमध्ये अगदी सहज बसतो, टक् आवाजही येतो, म्हणून लोक फसतात. आत मात्र दोन तोंडांमध्ये हवेची फट राहते, काही डेसिबल (प्रकाश किती घटला ते मोजायचं एकक) तिथेच जातात आणि दाबामुळे तोंडाला ओरखडा पडला तर पॅनेलमागची पिगटेल (केबलला सांधलेला, एकाच टोकाला प्लग असलेला तुकडा) बदलायची वेळ येते.

तुमच्यासारख्या एसएफपी प्रकारच्या मॉड्यूलची तोंडं एलसी (लहान प्लग) यूपीसी असतात. म्हणून पहिल्या इमारतीत एका टोकाला एससी एपीसी आणि दुसऱ्या टोकाला एलसी यूपीसी अशी मिश्र कॉर्ड लागेल. दुसऱ्या इमारतीत एलसी यूपीसी ते एलसी यूपीसी. पण त्याआधी हिरव्या अडॅप्टरच्या मागे खरोखर हिरवेच प्लग आहेत का ते उघडून बघा. अडॅप्टर हा फक्त प्लास्टिकचा तुकडा आहे, हाताला जो लागला तो कुणीतरी बसवलेला असू शकतो.

निळासागर

वरच्या प्रतिसादाशी सहमत. रॅकच्या आतल्या भागाबद्दल लिहितो.

एसआर मॉड्यूलला मल्टिमोडच हवी. १०जी एसआर ओएम३ वर ३०० मीटर आणि ओएम४ वर ४०० मीटर जातं. जुन्या ५० मायक्रॉनच्या ओएम२ वर ८२ मीटर, आणि ६२.५ मायक्रॉनच्या ओएम१ वर जेमतेम ३३. रॅकमधल्या दोन-तीन मीटरला ओएम३ पुरेशी आहे. ओएम४ सहज मिळत असेल तर ती घ्या, पण ओएम४ मुळे सर्व्हर अधिक वेगाने चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. १०जी म्हणजे १०जीच.

आणि एक पर्याय विचारात घ्या. सर्व्हर आणि स्विच एकाच रॅकमध्ये असतील तर मॉड्यूल आणि फायबर यांच्याऐवजी दोन्ही टोकांना प्लग असलेली तयार तांब्याची डीएसी केबल चालते. घासायचं, पुसायचं काही नाही. दोन्हीकडच्या उपकरणांना ती केबल मान्य आहे का एवढं आधी तपासा, काही स्विच दुसऱ्या कंपनीची केबल नाकारतात. तुम्ही एसआर मॉड्यूल आधीच घेतली असतील तर प्रश्न मिटला, ओएम४ एलसी-एलसी घ्या.

दूरदृष्टी

मी म्हणेन की घेताच आहात तर ओएम५ घ्या. पोपटी रंगाची येते. सगळ्यात नवी, पुढची कित्येक वर्षं बघायला नको.

निळासागर

दूरदृष्टी, इथे मी ठामपणे वेगळं मत मांडतो. ओएम५ चा फायदा ८५० च्या पुढे साधारण ९५३ नॅनोमीटरपर्यंत अनेक तरंगलांबी एकाच तंतूतून पाठवणाऱ्या मॉड्यूलना होतो. साध्या एसआर किंवा एसआर४ (चार तंतूंनी पाठवणाऱ्या, चारांनी घेणाऱ्या) मॉड्यूलला तिच्यातून ओएम४ पेक्षा एक मीटरही जास्त मिळत नाही. १००जी एसआर४ ओएम३ वर ७० मीटर, ओएम४ वर १०० मीटर, आणि ओएम५ वर पण १०० मीटरच. रानवारांच्या यादीत तशी मॉड्यूल कुठेच नाहीत. भविष्याचीच काळजी असेल तर इमारतींमधली सिंगल मोड केबल तिच्या जागी आहेच. मॉड्यूल बदलत जातील, ती केबल तशीच राहील.

पूर्वरंग

एक शंका. सिंगल मोड इतकी चांगली असेल तर रॅकमध्येही पिवळीच लावून टाकली तर? एका जागी आम्ही एसआर मॉड्यूलला पिवळी लावली होती आणि एका बाजूला लिंक दिसत होती, दुसऱ्या बाजूला नाही. कारण कळलं नाही.

किरण_१३१०

पूर्वरंग, तुम्ही वर्णन करताय ते अगदी ओळखीचं लक्षण आहे. कारण गाभ्याच्या आकारात आहे. ५० मायक्रॉनच्या गाभ्यात पसरलेला प्रकाश ९ मायक्रॉनच्या गाभ्यात शिरताना क्षेत्रफळाच्या हिशोबानेच सुमारे १५ डेसिबल गमावतो, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपासच आत जातो. उलट दिशेने, ९ मधून ५० मध्ये जाताना, जवळजवळ काहीच हरवत नाही. म्हणून वाटेत कुठेतरी पिवळी आणि आकाशी एकमेकींना जोडल्या गेल्या की एका दिशेचा प्रकाश पोहोचतो आणि दुसऱ्या दिशेचा नाही. तुमच्याकडेही वाटेत असं मिश्रण असण्याची शक्यता मला जास्त वाटते. एसआरच्या लेझरचा ठिपकाही लहान गाभ्यासाठी बनवलेला नसतो, त्यामुळे थेट पिवळी लावली तरी भरवसा नाही.

सगळीकडे सिंगल मोड हा विचार चुकीचा मात्र नाही. कॉर्ड दोन्ही प्रकारच्या मिळतात, फरक मॉड्यूलमध्ये पडतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सगळीकडे एलआर आणि पिवळी ठेवली तर खोक्यात एकच प्रकार राहतो, गोंधळ कमी होतो. एलआर दोन मीटरच्या कॉर्डवरही चालतं, कारण त्याचं जास्तीत जास्त उत्सर्जन ०.५ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं एकक) आहे आणि प्रकाश घेणारी बाजूही तेवढं सहन करते. ४० किलोमीटरच्या ईआरला मात्र हे लागू नाही. ते ४ डीबीएमपर्यंत फेकू शकतं आणि समोरच्याची मर्यादा उणे १ आहे, त्यामुळे छोट्या कॉर्डवर लावायचं तर मध्ये अटेन्युएटर (प्रकाश मुद्दाम कमी करणारा तुकडा) हवाच.

रानवारा

खूप उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. पॅनेल उघडून पाहिलं. हिरव्या अडॅप्टरच्या मागेही हिरवेच प्लग आहेत. दुसरीकडे मागून निळे एलसी.

आता 'लो लॉस' चं सांगा. महाग दरपत्रकात ०.२ डेसिबल लिहिलंय, साध्यात ०.३. या फरकासाठी पैसे मोजावेत का? आणि एलआर आपल्या अंतराला पुरेल ना, मधल्या सांध्यांसकट?

किरण_१३१०

आधी हिशोब मांडतो, मग दरपत्रक.

ओएस२ केबलला किलोमीटरमागे जास्तीत जास्त ०.४ डेसिबल धरा. साडेतीनशे मीटरला ०.१४. दोन पॅनेलवर दोन कनेक्टर-जोड्या, प्रत्येकी टीआयए या अमेरिकी मानक संस्थेच्या कमाल मर्यादेप्रमाणे ०.७५, म्हणजे १.५. दोन्हीकडच्या पिगटेलचे दोन स्प्लाइस (तंतूंचे कायमचे सांधे), प्रत्येकी ०.३, म्हणजे ०.६. वाईटात वाईट धरून सव्वादोन डेसिबलच्या आत. एलआरला वाटेत ६.२ डेसिबलपर्यंत लॉस चालतो. म्हणजे तुमच्याकडे भरपूर सवड आहे आणि ०.१ डेसिबलच्या फरकाने या लिंकचं काहीही बिघडत नाही.

त्या ०.२ आणि ०.३ चा अर्थही नीट समजून घ्या, कारण दरपत्रकात तो कधीच लिहिलेला नसतो. कारखान्यात कॉर्ड तपासताना ती बहुधा अत्यंत अचूक बनवलेल्या संदर्भ कॉर्डला जोडून मोजतात. तुमच्या पॅनेलवर ती अशा संदर्भ कॉर्डला जोडली जाणार नाही, कुठल्याही सर्वसाधारण कनेक्टरला जोडली जाईल, आणि तिथे आकडा वाढतो. म्हणून पुरवठादाराला विचारा की हा आकडा संदर्भ कॉर्डशी जोडून काढलाय की कुठल्याही कनेक्टरशी. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या श्रेणी (ग्रेड) कुठल्याही कनेक्टरशी जोडून मोजण्यावर आधारलेल्या आहेत. ग्रेड बी म्हणजे सरासरी ०.१२ पर्यंत आणि ९७ टक्के जोड्या ०.२५ च्या आत. ग्रेड सी म्हणजे सरासरी ०.२५ आणि ९७ टक्के ०.५ च्या आत. 'ग्रेड बी' असं लेखी देणारा पुरवठादार 'लो लॉस' लिहिणाऱ्यापेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो.

लो लॉसची खरी गरज जिथे वाटेत चार-सहा पॅनेल आहेत आणि मॉड्यूलची सवड कमी आहे तिथे असते. १००जी एसआर४ ला सगळा मिळून दोन डेसिबलही परवडत नाहीत. तिथे मी पैसे खर्च करेन, इथे नाही.

स्प्लाइसवाला

किरण यांचा हिशोब चोख आहे, पण तो स्वच्छ तोंडांचा हिशोब आहे. मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते इथे.

वाचलेले पैसे सफाईच्या साधनांवर घाला. सिंगल मोडचा गाभा ९ मायक्रॉनचा, आणि हवेतला धुळीचा कण सहज तेवढा किंवा त्याहून मोठा असतो. असा एक कण नेमका मधोमध बसला की ग्रेड बी, ग्रेड सी सगळं व्यर्थ. त्यातून तो कण दोन फेरूलच्या मध्ये दाबला जातो, तोंडावर कायमचा खड्डा पडतो, आणि समोरच्या कनेक्टरलाही तोच खड्डा देतो. एका मळक्या कॉर्डने फिरून फिरून अख्खं पॅनेल खराब होऊ शकतं.

नवी, पिशवी फोडलेली कॉर्डसुद्धा पुसूनच लावायची. टोपी लावलेली होती म्हणजे स्वच्छ आहे असं समजू नका, टोपीच्या आतही धूळ आणि प्लास्टिकचे अंश असतात. एलसीचं फेरूल १.२५ मिलिमीटरचं आणि एससीचं २.५ चं, म्हणजे तुम्हाला पेनासारखे दाबून वापरायचे दोन वेगळे क्लीनर लागतील. आधी कोरडं पुसा. डाग राहिला तर तंतू न सुटणाऱ्या कापडावर थोडं शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा आणि लगेच कोरड्या भागावर पुन्हा पुसा. अल्कोहोल तसंच वाळू दिलं तर त्याचाच डाग उरतो.

जमलं तर पडद्यावर चित्र दाखवणारा तपासणी स्कोप घ्या. आयईसी ६१३००-३-३५ या मानकात तोंडाचे भाग पाडून कुठे काय चालतं ते दिलंय, गाभ्याच्या भागाला सगळ्यात कडक नियम. पुसा, बघा, मगच जोडा. आणि चालू कॉर्डच्या तोंडात डोळ्याने कधीही डोकावू नका. १३१० चा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

चौकस

धाग्याचा विषय सोडून थोडं विचारतो, चालेल ना? घरी फायबर ब्रॉडबँड आहे. भिंतीपासून डब्यापर्यंतची कॉर्ड लहान पडतेय. प्लग हिरवा, चौकोनी, एकेरी. वरचं वाचून एवढं कळलं की निळा आणायचा नाही.

स्प्लाइसवाला

चालेल की. बरोबर कळलंय. डब्यावरही हिरवाच सॉकेट असेल तर सिंप्लेक्स (एका तंतूची), सिंगल मोड, एससी एपीसी ते एससी एपीसी अशी कॉर्ड घ्या. तिथे एपीसी वापरण्यामागे कारण आहे. तिरक्या तोंडामुळे परत फिरणारा प्रकाश गाभ्यात न राहता आवरणात निघून जातो. यूपीसीचा परतावा लॉस (मोठा आकडा म्हणजे कमी प्रकाश परत फिरतो) ५० डेसिबलच्या आसपास, एपीसीचा ६० आणि पुढे. एकाच तंतूत येणारा-जाणारा प्रकाश एकत्र असतो, कधी टीव्हीचा सिग्नलही १५५० वर त्याच तंतूतून येतो, आणि त्याला परावर्तन अजिबात सहन होत नाही.

घरात कॉर्ड दाराच्या कोपऱ्यातून, कपाटामागून वळते, म्हणून जी.६५७.ए२ तंतूची मागा. ती ७.५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळणं सहन करते. जुन्या जी.६५२ ला ३० मिलिमीटर लागतात. जितकी तरंगलांबी मोठी तितकं वळणावर प्रकाश गळण्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे १३१० वर ठीक वाटणारं वळण १५५० ला नडतं.

रानवारा

ही वळणाची गोष्ट माझ्याही कामाची आहे. रॅकचं दार बंद होताना कॉर्ड दाबल्या जातात. लांबी किती घ्यावी? थोडी जास्त घेऊन गुंडाळून ठेवली तर?

निळासागर

दोरीने मार्ग मोजा: पॅनेलपासून बाजूच्या उभ्या मार्गापर्यंत, खाली, परत स्विचपर्यंत. त्यात अर्धा मीटर मिळवा आणि त्यापुढची तयार मिळणारी लांबी घ्या. दहा मीटरची घेऊन आठ मीटर गुंडाळलेली भेंडोळी रॅकमध्ये अडकवली की पुढच्या माणसाला एकही कॉर्ड ओढून काढता येत नाही. बांधायला वेल्क्रो पट्टी. प्लास्टिकचे केबल टाय आवळले की तंतूवर बारीक दाब पडतो आणि तोही लॉस करतो. तुमच्या सिंगल मोड कॉर्डसाठी जी.६५७.ए१ तरी मागा, १० मिलिमीटरपर्यंतचं वळण चालतं आणि तुमच्या जी.६५२.डी केबलशी ती व्यवस्थित जुळते. बाहेरचं आवरण २ मिलिमीटरचं घ्या, ३ मिलिमीटरच्या कॉर्ड दाट पॅनेलवर बोटं शिरू देत नाहीत. आवरण एलएसझेडएच, म्हणजे जळलं तर कमी धूर आणि हॅलोजन नाही. इमारतीच्या आगविषयक नियमांत आणखी काही सांगितलं असेल तर ते पाळावंच लागेल.

रानवारा

मग अशी मागणी लिहितोय, बघून सांगा. इमारत एक: ड्युप्लेक्स (दोन तंतूंची), ओएस२, जी.६५७.ए१, एससी एपीसी ते एलसी यूपीसी, ३ मीटर. इमारत दोन: ड्युप्लेक्स, ओएस२, एलसी यूपीसी ते एलसी यूपीसी, २ मीटर. सर्व्हरसाठी ओएम४ ड्युप्लेक्स एलसी-एलसी, २ मीटर. प्रत्येकाच्या दोन जादा. सगळ्या ग्रेड बी, प्रत्येक कॉर्डबरोबर तपासणी अहवाल. दोन क्लीनर. १००जी साठी काय लिहू ते कळत नाहीये.

निळासागर

१००जी एसआर४ घेणार असाल तर एमपीओ-१२ ट्रंक, म्हणजे एकाच प्लगमध्ये बारा तंतू असलेली केबल लागते. त्यात तीन गोष्टी लिहाव्याच लागतात. ध्रुवता 'टाइप बी', कारण मॉड्यूल थेट मॉड्यूलला जोडताना पाठवणारे तंतू समोरच्या घेणाऱ्यांना मिळायला हवेत. दोन्ही टोकं पिनशिवायची, कारण पिना मॉड्यूलमध्येच असतात आणि पिनवाला प्लग आत ढकलला तर मॉड्यूल जातं. आणि ओएम४. पण स्टोरेज त्याच रॅकमध्ये येणार असेल तर आत्ता काहीच मागवू नका. तीन मीटरपर्यंत १००जी ची डीएसी उत्तम चालते. स्टोरेज येऊ द्या, पोर्ट बघा, मग ठरवा.

बाकी यादी बरोबर आहे.

रानवारा

सामान आलं, लिंक सुरू झाली. लगेच नाही झाली, एका टोकाला एलसीची क्लिप काढून दोन प्लगची अदलाबदल केली तेव्हा दिवा लागला. आता मॉड्यूलचे आकडे बघतोय. दोन्हीकडचं पाठवणं साधारण उणे २.१ डीबीएम. इमारत दोनला पोहोचतंय उणे ३.८. इमारत एकला पोहोचतंय उणे ९.३. लिंक चालू आहे, काही चुका दिसत नाहीत. ठेवू का असंच?

किरण_१३१०

ठेवू नका. एलआर उणे १४.४ पर्यंत चालतं म्हणून लिंक दिसतेय. पण त्याच मार्गावर, त्याच अंतराला एका दिशेला १.७ आणि दुसऱ्या दिशेला ७.२ डेसिबल जात असतील तर त्या दुसऱ्या तंतूवर काहीतरी आहे. सर्वसाधारणपणे मळ किंवा कुठेतरी चिमटलेलं वळण. मॉड्यूलच्या आकड्यांत एक-दोन डेसिबलची चूक असू शकते, साडेपाचची नाही. दोन्हीकडचं पोर्ट बंद करा, त्या तंतूचे चारही प्लग, पॅनेलच्या अडॅप्टरची आतली बाजू आणि मॉड्यूलचं तोंड पुसा. तरी फरक पडला नाही तर जादा कॉर्ड लावून बघा. त्यानेही नाही तर पॅनेलमागच्या पिगटेलचं वळण आणि स्प्लाइस.

रानवारा

पॅनेलच्या हिरव्या अडॅप्टरमध्ये २.५ चा क्लीनर फिरवला, काळा डाग आला. दुसऱ्यांदा फिरवल्यावर स्वच्छ. आता उणे ४.०. पट्टीवर तारीख आणि चारही आकडे लिहून पॅनेलच्या दारावर आतून चिकटवले.

खोक्यातल्या जुन्या कॉर्डचं काय करू?

स्प्लाइसवाला

रंगावर जाऊ नका, आवरणावरची छपाई वाचा. नारिंगीवर ६२.५/१२५ दिसलं तर ती ओएम१, तुमच्याकडे तिला जागा नाही, वेगळी काढा. नारिंगीच पण ५०/१२५ असेल तर ओएम२, अगदीच अडलं तर दोन मीटरला चालेल, पण तीही आकाशीपासून वेगळी ठेवा. पिवळ्यांचे प्लग बघून हिरवे आणि निळे वेगळे करा. छपाई वाचता येत नाही किंवा स्कोपखाली तोंडावर मधोमध खड्डा दिसतोय अशी कॉर्ड कात्रीने मधोमध कापून टाका, नाहीतर ती घाईच्या वेळी कुणीतरी परत लावतं. कापलेला तंतू उघडा पडला तर त्याचे तुकडे चिकटपट्टीवर उचला, ते कातडीत शिरतात आणि दिसत नाहीत.